दंतवैद्यांचें शिक्षण आणि गरिबाची दाढ



१९४९ हें साल आमच्या गांवाच्या जन्मपत्रिकेंत मोठ्या मानाचें आहे. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणनजीक लष्करानें उभारलेली छावणी फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनीं भरून गेली होती. लांबच लांब बराकी, मध्यें गोणपाटाचे पडदे, आणि त्या पडद्यांच्या आड मांडलेले संसार, असें तेथलें दृश्य जुने लोक अजून सांगतात. त्या वस्तीला ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्तें नगराची प्रतिष्ठा लाभली आणि उल्हास नदीवरून तिचें नांव उल्हासनगर असें पडलें. त्याच सालीं, चार महिने आधीं, १२ एप्रिल रोजीं आणखी एका संस्थेचा जन्म झाला होता. ती संस्था म्हणजे भारतीय दंत परिषद. या दोन घटनांचा एकमेकींशीं कांहीं संबंध असेल असें कोणाला स्वप्नांतहि वाटणार नाहीं. मलाहि वाटलें नव्हतें. कॅम्प नंबर पांचांतील एका प्राथमिक शाळेंत पस्तीस वर्षांवर मुलें शिकवितांना तो संबंध मला एका मुलीच्या दाढेनें दाखवून दिला.

आरंभींच सांगून ठेवतों कीं, मी डॉक्टर नव्हे, दंतवैद्य तर नव्हेच. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करलेला मी मनुष्य. खडूपलीकडे कोणतेंहि हत्यार मीं हातीं धरलेलें नाहीं. तेव्हां माझ्या बोलण्यांत शास्त्र थोडें आणि इतिहास अधिक असेल, याबद्दल तज्ज्ञांनीं क्षमा करावी.

१९९८ च्या पावसाळ्यांतली गोष्ट. तिसरीच्या वर्गांतली एक मुलगी गाल धरून बसली होती. बाप अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतींत रोजंदारीवर. आई जीन्सच्या पाटलोणींचे धागे कापण्याचें काम नगावर घरीं आणून करीत असे. मुलीला घरीं पाठवावी म्हणून मीं आईला बोलाविलें. दोघींच्या देखत मुलीचें तोंड उघडून पाहिलें, तों खालची मागली दाढ काळी पडलेली. मीं मोठ्या अधिकारवाणीनें सांगितलें, “बाई, दुधाची दाढ आहे. आपोआप पडून जाईल. लवंगेचें तेल लावा.” गुरुजींचा शब्द तो, बाई समाधानानें घरीं गेली. तीन आठवड्यांनीं सूज डोळ्यापर्यंत चढली, तेव्हां बापानें मुलीला बाजारांतल्या एका दांतवाल्याकडे नेलें. त्यानें थोड्या पैशांत, भूल न देतां, दाढ ओढून काढली. मुळाचा तुकडा आंतच राहिला, ताप भरला, आणि मुलगी दीड महिना शाळेला मुकली. पुढें ती बरी झाली. पण ती दाढ दुधाची नव्हती. हें मला कळावयास आणखी आठ वर्षें जावीं लागलीं. तें कसें कळलें तें पुढें सांगेन. आधीं त्या दांतवाल्याची कुळकथा सांगतों, कारण माझ्या मतें सगळ्या प्रश्नाचें मूळ तेथें आहे.

आपल्या देशांत दांताची विद्या नव्हतीच असें नाहीं. सुश्रुताच्या शस्त्रांच्या यादींत दंतशंकु नांवाचें खास दांतांसाठीं केलेलें शस्त्र आहे. परंतु ग्रंथांतली विद्या ग्रंथांत राहिली आणि खेड्यांतल्या माणसाची दाढ वैदूच्या नाहीं तर न्हाव्याच्या हातीं आली. शहरांत विसाव्या शतकाच्या आरंभीं चिनी दंतवैद्य आले. कलकत्त्यास व मुंबईस त्यांच्या पाट्या पुष्कळांनीं पाहिल्या असतील. बापाजवळून मुलानें शिकावें, चांगली कवळी बसवून द्यावी, असा त्यांचा धंदा. इंग्रज साहेबांसाठीं विलायतेंत शिकलेले दंतवैद्य होते, पण त्यांची पायरी चढण्याची सामान्याची छाती नव्हती. दंतवैद्य तयार करणारी शाळा मात्र १९२० पर्यंत या देशांत नव्हती.

ती शाळा डॉक्टर रफीउद्दीन अहमद यांनीं काढली. अमेरिकेंतील आयोवा विद्यापीठाची पदवी त्यांनीं १९१५ सालीं घेतली आणि मग बोस्टनच्या फोर्साइथ इन्फर्मरींत कांहीं काळ काम केलें. ही इन्फर्मरी मुलांच्या दांतांसाठीं, विशेषेंकरून गरिबांच्या मुलांसाठीं, काढलेली होती, हें मला फार महत्त्वाचें वाटतें. आपल्याकडील दंतशिक्षणाचा जो आद्य गुरु, त्याचा स्वतःचा हात गरिबांच्या मुलांच्या तोंडांत बसलेला होता. परत आल्यावर कलकत्त्यास त्यांनीं सरबताचें एक दुकान चालविलें, न्यूयॉर्क सोडा फाउंटन या नांवाचें, आणि त्या दुकानाच्या पैशांवर कॉलेज उभें केलें. गोड सरबत विकून दंतवैद्य घडविणें, हा विनोद त्यांच्याहि ध्यानीं आला असेलच! १९४९ सालीं, म्हणजे पुन्हां त्याच सालीं, हें कॉलेज त्यांनीं पश्चिम बंगाल सरकारच्या स्वाधीन केलें.

या कॉलेजांतून शिकून बाहेर पडलेल्यांत फातिमा जिना या होत्या. त्यांनीं १९२३ सालीं मुंबईंत स्वतःचा दवाखाना थाटला, आणि त्याच काळांत धोबीतलावाच्या म्युनिसिपल दवाखान्यांत विनावेतन कामहि केलें. त्यांच्या बंधूंच्या राजकारणानें ज्यांचीं घरें गेलीं त्यांच्या वस्तींत बसून मी हें बोलत आहें, आणि हें नांव घेतांना माझे कांहीं सिंधी शेजारी भुंवई वर करतील, याची मला जाणीव आहे. पण इतिहासांत झालेली चांगली गोष्टहि सांगावी लागते. धोबीतलावावर जो रोगी आला त्यानें त्यांना दुखणाऱ्या दाढेपलीकडे कांहीं विचारलें नसेल.

मुंबईंत १९३३ सालीं नायर रुग्णालयाला जोडून दंतविद्यालय निघालें. त्याच्या शेजारचें वैद्यक विद्यालय असहकाराच्या चळवळींतून १९२१ सालीं जन्मलेलें; डॉक्टर आनंदराव नायर यांनीं आपल्या मातोश्रींच्या नांवानें रुग्णालय बांधून दिलें, आणि पुढें हा सर्व परिवार मुंबई महानगरपालिकेकडे गेला. ही जागा पहा. आसपास गिरण्या, चाळी, कामगारांच्या खोल्या. खुर्चींत येऊन बसणारा रोगी गिरणींतला, हमालींतला, मिश्रीनें काळे झालेले दांत घेऊन आलेला. विद्यार्थी जें शिकतो तें पुस्तकावरून थोडें आणि खुर्चींत बसलेल्या माणसावरून फार. या दृष्टीनें पाहिलें तर गरिबांसाठीं दंतवैद्य घडविण्याची पहिली शाळा आपल्याकडे कोणी ठरवून काढली नाहीं. ती जागेच्या गुणानें आपोआप झाली. तिकडे लाहोरास १९३४ सालीं द मॉन्टमॉरेन्सी दंतविद्यालय सुरू झालें; फाळणींत तें पलीकडे राहिलें.

आतां आकडा सांगतों. १९४३ सालीं सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं आरोग्याची पाहणी करणारी समिति नेमली गेली. आपल्याकडील कामगारपुढारी ना. म. जोशी हेहि तींत सभासद होते. १९४६ सालीं अहवाल बाहेर आला. त्यांत म्हटलें होतें कीं, ब्रिटिश हिंदुस्थानच्या सुमारें तीस कोटि वस्तीला शिकलेले दंतवैद्य एक हजार आहेत. म्हणजे तीन लाख माणसांमागें एक. आमच्या छावणींत पुढें जे निर्वासित उतरले त्यांची संख्या लाखाच्या घरांत धरतात. या हिशेबानें त्या सर्वांच्या वांट्याला एका दंतवैद्याचा तिसरा हिस्सा आला असता, आणि तोहि मुंबईंत बसलेला. दर चार हजारांमागें एक दंतवैद्य असावा, असें ध्येय समितीनें पुढें ठेविलें.

पण हा दंतवैद्य शिकलेला किती असावा? येथें खरा वाद होता. डॉक्टरांच्या बाबतींत समितीनें निर्णय दिला कीं, एल. सी. पी. एस. सारख्या कमी मुदतीच्या पदविका बंद कराव्यात आणि सर्व देशाला एकाच प्रतीचा, पूर्ण शिकलेला डॉक्टर द्यावा. कांहीं सभासदांनीं याला भिन्नमत दिलें. पूर्ण शिकलेला डॉक्टर खेड्यांत जाईपर्यंत खेडुतानें काय करावें, हा त्यांचा प्रश्न. दोन्ही बाजूंस वजन होतें. गरिबाला अर्धवट शिकलेला वैद्य आणि श्रीमंताला पुरा, ही वांटणी स्वतंत्र देशाला शोभणारी नव्हती. पण गरिबाला कोणीच नाहीं, ही वांटणी तरी कोठें शोभते?

दंतवैद्यांच्या बाबतींत निकाल २९ मार्च १९४८ रोजीं झालेल्या कायद्यानें लागला. त्यांतून पुढें दंत परिषद निर्माण झाली. या कायद्यानें प्रत्येक प्रांतांत दंतवैद्यांची नोंदवही घालून दिली व तिचे दोन भाग केले. ‘अ’ भागांत मान्य पदवी वा पदविका घेतलेले; ‘ब’ भागांत पदवी नसलेले, पण निदान पांच वर्षें याच धंद्यावर पोट भरलेले. म्हणजे जुन्यांना राहूं दिलें, नव्यांना पदवीवांचून प्रवेश नाहीं. कायद्यानें आणखी दोन वर्ग सांगितले: दांत घासून स्वच्छ करणारा व स्वच्छता शिकविणारा एक, आणि कवळ्या घडविणारा कारागीर दुसरा. दाढ काढणें किंवा भरणें हें दोघांच्याहि अधिकारांत नाहीं.

फाळणीनें यांत एक पेंच पाडला. सिंध‑पंजाबांतून आलेल्या एखाद्या दांतवाल्यानें आपण तेथें पांच वर्षें धंदा करीत होतों हें सिद्ध करावें कसें? पाटी तिकडे राहिली, गिऱ्हाइकें देशभर पांगलीं. पुढें कायद्यांत दुरुस्ती होऊन, २९ मार्च १९४८ पूर्वींपासून दंतवैद्यकीवर उपजीविका करणाऱ्या विस्थापितांसाठीं नोंदवहींत जागा करण्यांत आली. ती दुरुस्ती माणुसकीची होती. माझ्या लहानपणीं आमच्या कॅम्पांत अशा जुन्या माणसांच्या पाट्या होत्या. पाटीवर लाल हिरड्यांची, पांढऱ्या दांतांची कवळी रंगविलेली असे आणि आम्ही मुलें तिला भीत असूं.

आणि आतां तो बाजारांतला दांतवाला. त्याची माहिती मीं मागाहून काढली. तो एका नोंदलेल्या वृद्ध दंतवैद्याच्या हाताखालीं पोरवयापासून होता. हत्यारें उकळावीं, दिवा धरावा, रोग्याचें डोकें दाबून धरावें, हें त्याचें काम. गुरु वारला. पाटी तीच राहिली, हत्यारें तींच राहिलीं, नोंदवहींतलें नांव मात्र गुरूबरोबर गेलें. १९४८ च्या कायद्याची कल्पना अशी कीं, ‘ब’ भागांतलीं माणसें वयोमानानें हळूहळू जातील आणि त्यांच्या जागीं पदवीधर येऊन बसतील. जुनीं माणसें ठरल्याप्रमाणें गेलीं. पदवीधर कॅम्प पांचाच्या त्या गल्लींत आले नाहींत. आले ते मोठ्या रस्त्यावर, कांचेच्या दारामागें. गल्लींतल्या रिकाम्या स्टुलावर दिवा धरणारा पोरगा बसला. १९४९ च्या त्या दोन जन्मांचा संबंध तो हा. मी त्या माणसाला दोष देऊं शकत नाहीं असें नव्हे. त्यानें मुलीचा जीव धोक्यांत घातला. पण त्याच्याकडे जाण्यावांचून बापाला दुसरी वाट कोणती होती, असा प्रश्न मीं स्वतःला पुष्कळदां विचारला आहे.

दुसऱ्या देशांनीं हा प्रश्न कसा सोडविला? न्यूझीलंडची हकीकत ऐकण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धांत तेथल्या तरुण शिपायांचे दांत इतके किडके निघाले कीं सरकार दचकलें. टी. ए. हंटर नांवाच्या दंतवैद्यानें सुचविलें कीं, तरुण मुलींना दोन वर्षें शिकवून शाळाशाळांत बसवावें. मुलांच्या दांतांत सिमेंट‑चांदी भरणें, दुधाचे किडके दांत काढणें, इतकेंच त्यांनीं करावें, आणि अवघड तें दंतवैद्याकडे धाडावें. १९२१ सालीं वेलिंग्टन येथें ही शाळा निघाली. पायानें चालविण्याचें यंत्र घेऊन या बायका खेड्यापाड्यांतल्या शाळांत बसल्या. मुलें त्या खोलीला खाटीकखाना म्हणत, तो भाग निराळा! पण त्या देशांत एका पिढीच्या आंत शाळेंतलें मूल आणि दंतसेवा यांची गांठ पडली. अलीकडे, २००३ च्या सुमारास, अलास्कांतल्या मूळ रहिवाशांनीं आपल्याच खेड्यांतले तरुण शिकण्यासाठीं न्यूझीलंडला पाठविले. ते शिकून आपल्या बर्फाळ गांवांत परतले व तेथेंच काम करूं लागले. अमेरिकेंतील दंतवैद्यांच्या संघटनेनें न्यायालयांत धांव घेतली. तरी ती योजना टिकली. ज्याचें घर त्या गांवांत, तो तेथें राहतो, ही गोष्ट समजावयास मोठें शास्त्र लागत नाहीं.

आम्हीं तो मार्ग घेतला नाहीं. न घेण्यास कारणें होतीं आणि तीं क्षुद्र नव्हतीं. एकदां अर्ध्या शिक्षणाला मान्यता दिली कीं सरकार गरिबांवर तेंच कायमचें लादील, ही भीति खरी होती. तेव्हां आम्हीं पदवीधर वाढविण्याचा मार्ग धरला. शासकीय दंतमहाविद्यालय नागपुरास १९६८ सालीं, औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, १९८२ सालीं निघालें. मग खासगी कॉलेजांचें पीक आलें. आज देशांत तीनशेंहून अधिक दंतमहाविद्यालयें आहेत आणि त्यांतलीं बहुतेक खासगी आहेत. भोर समितीच्या एक हजारांच्या काळापासून केवढी ही मजल! संख्येचा प्रश्न सुटला म्हणावयास हरकत नाहीं. कित्येक शहरांत तर एकाच जिन्यावर तीन दंतवैद्यांच्या पाट्या दिसतात, आणि त्यांतला धाकटा महिनाअखेरीस भाड्याची चिंता करीत असतो.

या पिकांत कांहीं कॉलेजें खेड्यांत निघालीं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील लोणी येथें प्रवरा संस्थेनें १९८४ सालीं ग्रामीण वैद्यक महाविद्यालय काढलें आणि त्याला जोडून ग्रामीण दंतमहाविद्यालयहि निघालें. हा तोच मुलूख कीं जेथें विठ्ठलराव विखे पाटलांनीं सहकारी साखर कारखान्याचा पायंडा देशाला घालून दिला. साखरेच्या गांवीं दांतांचें कॉलेज निघावें हें यथायोग्यच झालें. वर्ध्याजवळ सावंगीलाहि असें कॉलेज आहे. उसाच्या फडांतली, कापसाच्या शेतांतली माणसें खुर्चींत येऊन बसतात, आणि विद्यार्थ्याला मिश्री म्हणजे काय हें पुस्तकांत शोधावें लागत नाहीं. नायरच्या जागेंत जो गुण होता तो या जागांतहि आहे. अडचण दुसरीकडे आहे. खासगी कॉलेजची फी भरण्यासाठीं ज्याच्या बापानें जमिनीचा तुकडा मोडला, तो मुलगा पांच वर्षांनीं खेड्यांत बसून वीस‑पंचवीस रुपयांत दाढ काढील, अशी अपेक्षा कोणत्या तोंडानें करावी? शिक्षण कोणत्या जागीं दिलें यापेक्षां तें काय भावानें विकलें, हें अखेर जड ठरतें.

नियमकर्त्यांनीं एक उपाय ठेविला आहे. चार वर्षें शिकल्यावर जें एक वर्ष उमेदवारीचें, त्यांतले तीन महिने समाजांत व खेड्यांत काम करण्यासाठीं राखून ठेविले आहेत. या तीन महिन्यांचा एक तुकडा आमच्या शाळेच्या वाट्याला आला, आणि तेथेंच माझ्या अज्ञानाची परीक्षा झाली.

२००६ च्या जानेवारींत एका कॉलेजची गाडी आली. चार उमेदवार, एक अध्यापक, एक घडीची खुर्ची. व्हरांड्यांत खुर्ची मांडली आणि मुलांची रांग लागली. उमेदवारांत परभणीकडची एक मुलगी होती; बोलणें थेट गांवाकडचें. तिच्या शेजारीं उभा राहून मी मुलांचीं नांवें सांगत होतों. एका मुलाची काळी दाढ पाहून मीं संवयीनें म्हटलें, “ही दुधाची. पडेल.” ती हंसली नाहीं. म्हणाली, “गुरुजी, मधल्या रेषेपासून मोजा.” मीं मोजली. सहावी निघाली. “पहिले पांच दांत दुधाचे असतात, ते पडतात आणि त्यांच्या जागीं दुसरे येतात. ही सहावी सहाव्या वर्षीं त्यांच्या मागें गुपचूप उगवते. हिच्या आधीं या जागीं कोणी नव्हतें आणि हिच्यानंतर कोणी येणार नाहीं. दांत पडला नाहीं, म्हणून आईबापांना वाटतें ही दुधाचीच. सगळ्यांत जास्त हीच किडते.”

आठ वर्षांपूर्वींची मुलगी माझ्या डोळ्यांपुढें उभी राहिली. त्या दिवशीं मीं पुढें कांहीं बोलल्याचें आठवत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं वीज गेली. त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन किती असे तें श्रोत्यांना आठवत असेलच. वीज गेली तसें कोरणीचें यंत्र थांबलें, यंत्र थांबलें तसे ते चार हुषार तरुण थांबले. रांग मोडून मुलें वर्गांत गेलीं. परभणीची ती मुलगी हात पुसत म्हणाली, “आम्हांला यंत्रावांचून भरायला शिकविलेंच नाहीं.” तिच्या बोलण्यांत तक्रार होती, आणि ती रास्त होती. कारण यंत्रावांचून दाढ भरण्याची रीत तेव्हां जगाला ठाऊक होती. आफ्रिकेंत टांझानियांत १९८० नंतरच्या दशकांत ती बसविली गेली. किडलेला मऊ भाग हातच्या बारीक कोरणीनें खरवडून काढावयाचा, आणि दांताला धरून राहणारें एक प्रकारचें सिमेंट बोटानें दाबून भरावयाचें. वीज नको, नळाचें पाणी नको, बहुधा भूलहि नको. जागतिक आरोग्य संघटनेनें १९९४ च्या आरोग्यदिनाला मुखाचें आरोग्य हा विषय घेतला, तेव्हां या रीतीचा मोठा पुरस्कार झाला. अशी रीत पुस्तकांत एका परिच्छेदापुरती शिकवून भागत नाहीं. ती हाताला बसवावी लागते, जसें अक्षर हाताला बसवावें लागतें. मी मास्तर असल्यामुळें हें मला पटकन् समजतें: धूळपाटीवर ज्याचें अक्षर वळलें नाहीं, त्याला सोन्याची लेखणी देऊन काय उपयोग?

जातांना त्यांनीं चिठ्ठ्या लिहून दिल्या. अमक्या मुलाला रुग्णालयांत न्यावें, तमक्याची दाढ भरून घ्यावी. मुंबईंतील शासकीय दंतमहाविद्यालय छत्रपति शिवाजी महाराज स्थानकाजवळच आहे, गाडी बदलावी लागत नाहीं, असें मीं आईबापांना समजावून सांगितलें. कित्येक गेलेच नाहींत. येथून दीड तासाचा प्रवास, तेथें रांग, मग पुन्हां दुसऱ्या तारखेस बोलावणें. दोन दिवसांचा रोज बुडतो, आणि नगावर काम करणाऱ्या बाईला रजा हा शब्द माहीत नसतो. उमेदवारांचे तीन महिने संपले. ती मुलगी कोठें गेली तें मला कळलें नाहीं. पुढच्या वर्षीं दुसरी तुकडी दुसऱ्या वस्तींत गेली असेल.

२०१४ पासून केंद्र सरकारचा मुखआरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. जिल्ह्याच्या व तालुक्याच्या रुग्णालयांत दंतवैद्याची खुर्ची असावी, असा त्याचा रोख आहे. २०२३ सालीं संसदेनें राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा केला व १९४८ चा कायदा मोडीत काढण्याची तरतूद त्यांत केली. परवडणारें दंतशिक्षण आणि सर्वांना पोहोंचेल अशी दंतसेवा, हे शब्द त्याच्या मथळ्यांतच घातले आहेत. शब्द चांगले आहेत. मला विचारावयाचें तें एवढेंच कीं, निवड करतांना विद्यार्थी कोठला घेणार, फी कोण भरणार, आणि तीन महिन्यांच्या जागीं निदान एक वर्ष एकाच वस्तींत तो बसणार कीं नाहीं. ज्या मुलाच्या तोंडांत त्यानें सिमेंट भरलें, तें सहा महिन्यांनीं टिकलें का, हें पाहण्याची संधि त्याला मिळाली नाहीं, तर तो शिकला काय?

मीं माझ्यापुरतें एक केलें. २००६ नंतर निवृत्तीपर्यंत दर जूनमध्यें पहिली‑दुसरीच्या मुलांना उन्हांत उभें करून, तोंड उघडावयास सांगून, सहावी दाढ मोजीत असें. काळा ठिपका दिसला कीं वहींत नांव, आणि घरीं निरोप. इतर शिक्षक मला दांतवाले गुरुजी म्हणत.

गेल्या पावसाळ्यांत सकाळीं दाराशीं एक बाई उभी राहिली. बरोबर सात वर्षांचा मुलगा. मीं ओळखलें नाहीं. तिनें नांव सांगितलें आणि गाल आंत ओढून डाव्या बाजूची रिकामी जागा दाखविली, तेव्हां ओळख पटली. आईप्रमाणें तीहि जीन्सच्या कामावर आहे, पण आतां कारखान्यांत, मशीनवर. “गुरुजी, याची मोजा,” ती म्हणाली. मीं बॅटरी आणली, मुलाला उजेडाकडे वळविलें आणि मोजली. सहावी होती. मध्यभागीं ठिपका होता, मोहरीएवढा. आतां भरली तर दाढ राहील. मीं तिला दवाखान्याचा पत्ता कागदावर लिहून दिला. तिनें कागद घडी करून कमरेच्या पिशवींत ठेविला आणि विचारलें, “रविवारीं उघडा असतो का हो?”

मीं चौकशी करून सांगतों म्हणालों.